युरिया पाहिजे असन तं बाटली बी घ्या

परवा युरिया आणाले तालुक्याले गेलतो, पऱ्हाटीले (कपाशीले) डोस द्यायची वेळ, पाऊस उघडलेला, अन् कृषी केंद्रवाला म्हन्ते दोन बॅगा पाहिजे असन तं ही पाचशेची टॉनिकची बाटली बी घ्या. नको म्हटलं तं म्हणे मंग युरिया संपला. ४५ किलोची बॅग सरकारी भावानं २६६ रुपये ५० पैशाची, मले केवढ्याले पडली ते तुम्हीच मांडा. बाटली अजून कोठ्यातच आहे.

याले आपल्याकडे लिंकिंग म्हणतात. दुकानदारालेच शिव्या देऊन भागत नाही, त्याच्याही गळ्यात वरून तोच माल मारतात. पण भाऊ, स्पर्धा कायदा २००२ च्या कलम ३ मध्ये हीच गोष्ट लिहिलेली आहे, एका मालासोबत दुसरा घ्याची सक्ती करून बाजारातली स्पर्धा मारली तं ते बेकायदा. आपल्याले वाटते हा कायदा मोबाईल अन् गुगलवाल्यांचा. काऊन? शेतकऱ्याइतका अडलेला गिऱ्हाईक दुसरा कोण आहे, पेरणी काय कोणासाठी थांबते काय!

अन् शेतकऱ्यासाठी असा कायदा वापरलाही गेला आहे. बीटी कपाशीच्या बियाण्याची ४५० ग्रॅमची थैली १६०० च्या वर गेलती, त्यातला मोठा वाटा महिको मोन्सॅन्टो कंपनीच्या बीटी तंत्राच्या फीचा, कारण ते तंत्र दुसऱ्या कोणाजवळ जवळपास नव्हतंच. २००६ मध्ये आंध्र सरकार एमआरटीपी आयोगाकडे गेलं (स्पर्धा आयोगाच्या आधी तोच होता) अन् थैली ७५० वर आली, मागून आपल्या राज्यानंही भाव बांधला. आमच्या पांढरकवड्याहून आदिलाबाद (तेव्हा आंध्रात होतं) किती दूर आहे? तिथलं सरकार भांडलं म्हणून इकडच्या शेतकऱ्याचे पैसे वाचले, हे मी कधीच विसरत नाही.

आता अडचण सांगतो. हा कायदा पाहते तो दिल्लीचा स्पर्धा आयोग, त्याच्याकडे एकट्यानं अर्ज टाकाचा तं फी ५००० रुपये. पाचशेच्या बाटलीसाठी कोण भरन? अन् वेळ तं विचारूच नका, सिमेंट कंपन्यांनी मिळून भाव ठरवले म्हणून आयोगानं २०१२ मध्ये ६००० कोटींच्या वर दंड लावला, तो रद्द झाला, २०१६ मध्ये पुन्हा लावला, अन् मंग सुप्रीम कोर्ट. तोवर गिऱ्हाईक जास्तीचेच पैसे मोजते. माझं स्पष्ट मत आहे, खरिपात तालुक्यालेच अशी तक्रार घेणारा माणूस बसला पाहिजे, दिल्लीचा कायदा बांधावर आला नाही तं आपल्याले त्याचा उपयोग काय.

ग्राहक संघटना, सहकारी सोसायटी बी अर्ज करू शकते, त्याची फी १०,००० रुपये. म्हणून म्हणतो, पक्कं बिल मागा, बाटलीचं नाव त्यावर लिहून घ्या, अन् फोटो मले इनबॉक्समध्ये टाका. वीस-पंचवीस बिलं जमली की आपल्या सोसायटीच्या सभेत विषय मी ठेवतो.