पाय दाखवा हो, पाय!

रविवारी रात्री टीव्हीवरच्या सेलिब्रिटी डान्स शोमध्ये परत तेच. म्हणे लावणी. सिरियलमधली एक सून (नाव घेत नाही, बिचारीचा दोष नाही, कुणाचा आहे ते सांगतेच) स्टेजच्या छतापासून दोरीला लटकत खाली आली. नऊवारीत. शिवलेल्या, मागे चेन लावलेल्या नऊवारीत. खाली आठ जण मशाली घेऊन उभे, मागच्या पडद्यावर एक वाडा धडधडून पेटलेला. वाडा का पेटला होता विचारू नका, मलाही कळलं नाही. आणि गाण्यात काय, तर ढोल-ताशा! लावणीला ढोल-ताशा? ढोलकीवाले संपले का महाराष्ट्रातले? मिरवणूक चाललीय का विसर्जनाची?

बरं, तेही गिळलं. इतक्या वर्षांत बरंच गिळायला शिकलेय. पण मग घुंगरं वाजली. छन् छन् छननननन. आणि बाई हवेत! दोन्ही पाय अधांतरी, पायांत कातडीच्या रंगाचे मोजे, त्यावर चाळ सोडा, साधं पैंजण नाही. मी ॲपवर मागे नेऊन पाहिलं, कारण मला वाटलं माझेच डोळे गेले. नाही. घुंगरं साउंड इंजिनिअरने बांधली होती, तीही कॉम्प्युटरला. नाचणारीचे पाय जमिनीला लागायच्या आधीच तिचं पदन्यासाचं काम उरकलेलं.

शेवटी एकदाची ती खाली टेकली. म्हटलं, चला, आता दिसेल काहीतरी. पायावर कॅमेरा येणार, इतक्यात परीक्षकाचं उघडं तोंड. मग दुसऱ्या परीक्षकाचं उघडं तोंड. मग प्रेक्षकांत बसलेली तिची आई, डोळ्यांत पाणी. मग वरून, थेट छतावरून, जिथून माणूस आणि मशाल सारखेच दिसतात. मग केस, स्लो मोशनमध्ये. मग कंबर. मग परत तोंड. मग धूर. संपलं. तीसपैकी तीस. सगळे उभे.

अख्ख्या नाचात तिचे पाय मला नीट दिसलेच नाहीत हो! तिला नाचता येतं की नाही हे मी आजही सांगू शकत नाही. कदाचित फार सुंदर येत असेल. दाखवलं कुणी?

आणि वर तो परीक्षक हातावरचे शहारे कॅमेऱ्याला दाखवत म्हणतो, आज तू लावणी पुन्हा जिवंत केलीस. अरे बाबा, मेली कधी होती? चौफुल्याला जा, मोडनिंबला जा, कलाकेंद्रांत संध्याकाळ झाली की ढोलकी वाजते. त्या बायका कुणाच्या शहाऱ्यांची वाट बघत बसलेल्या नाहीत. ज्येष्ठ लावणी कलावंत यमुनाबाई वाईकरांना 2012 साली पद्मश्री मिळाली ती काय दोरीला लटकून? बैठकीच्या लावणीत बाई बसून असते. बसून! स्वतः गाते आणि एकाच ओळीवर डोळ्यांनी, मानेने, पदराच्या टोकाने वेगवेगळे भाव काढत राहते. समोरच्याची काय बिशाद इकडेतिकडे बघायची. आता ही अदा या कार्यक्रमात आणा बघू. पहिल्याच ओळीत दिग्दर्शक ओरडेल, मॅडम उठत का नाहीयेत, आग कुठेय, क्रेन कुठेय.

या नाचाला पुढे ते नाव काय देणार माहितीय? कंटेम्पररी लावणी. जे काही येत नाही ते कंटेम्पररी. पावसात भिजून जमिनीवर लोळलं की कंटेम्पररी. खुर्ची उचलून आपटली की कंटेम्पररी. ज्यांनी तो नृत्यप्रकार खरोखर वर्षानुवर्षं शिकलाय त्यांनी या लोकांवर केस का केली नाही, देव जाणे.

मुळात हा फॉर्म्युला आणला बीबीसीच्या ‘स्ट्रिक्टली कम डान्सिंग’वरून. तिकडे 2004 ला सुरू झाला, आपल्याकडे 2006 मध्ये ‘झलक दिखला जा’. ‘स्ट्रिक्टली’ही काही सोवळ्यातला कार्यक्रम नाही, चमचम तिकडेही भरपूर. पण तिथे या आठवड्यात वॉल्ट्झ म्हणजे वॉल्ट्झ, चा-चा-चा म्हणजे चा-चा-चा. बहुतेक प्रकारांत जोडीदाराला उचलायलाच बंदी आहे, दोन्ही पाय जमिनीवरून सुटले की परीक्षक मार्क कापतात. समोर खरा बँड वाजवत असतो. आपण फॉर्म्युला विकत आणला, सेट आणला, परीक्षकांच्या खुर्च्या आणल्या, नियमांची पिशवी तेवढी विमानतळावर विसरली. तिकडे उचललं की मार्क जातात, इकडे उचललं नाही तर जातात. कितीही चांगली नाचली आणि लिफ्ट नसली की परीक्षक नाक मुरडणार, ‘वॉव फॅक्टर मिसिंग’. त्या फॅक्टरचा पत्ता द्या मला कुणीतरी. दगड घेऊन जाते.

त्या ‘स्ट्रिक्टली’त 2008 साली जॉन सार्जंट नावाचा राजकीय पत्रकार होता. साठी उलटलेला, नाचता येत नव्हतं, एका नाचात तर जोडीदारणीला फरशीवरून सरळ ओढत नेलं. परीक्षक पुन्हा पुन्हा त्याला तळाला टाकायचे आणि लोक दर आठवड्याला मतं देऊन वर काढायचे. शेवटी तो स्वतःच निघून गेला, कारण अशाने आपण जिंकूसुद्धा अशी त्याला भीती वाटायला लागली! आपल्याकडे असं कुणी गेलंय? आपल्याकडे जातात आणि चार आठवड्यांनी वाइल्ड कार्ड घेऊन परत येतात. येताना ट्रॉलीवरून येतात, आणि मागे धूर.

आई म्हणते, तुला चांगलं बघवतच नाही. बघवतं. 2006 ला मोना सिंग ‘झलक’ जिंकली तेव्हा मीही टाळ्या पिटल्या होत्या. 2005 ला पहिलं ‘नच बलिये’ सचिन-सुप्रियाने जिंकलं तेव्हा तर आमच्या घरात जणू आमचंच लग्न लागलं होतं. 2009 मध्ये बायचुंग भुतिया, म्हणजे फुटबॉलचा कप्तान, ‘झलक’ जिंकला, तेव्हा वाटलं ठीक आहे, मजा आहे, माणूस काहीतरी नवं शिकतोय आणि आपण बघतोय. हाच तर करार होता ना? ज्याला येत नाही तो शिकेल, अडखळेल, आणि आपल्याला त्याची सुधारणा दिसेल. मग त्यांनी काय केलं, तर आधीच लहान मुलांची डान्स स्पर्धा जिंकून बसलेल्यांना सेलिब्रिटी म्हणून आणलं. 2015 ला फैजल खान, पुढच्या पर्वात तेरिया मगर. दोघंही नाचायला अफाट, त्यांच्याबद्दल चकार शब्द काढणार नाही. पण मग बाकीच्यांनी काय करायचं? एकाला नाचता येतं म्हणून आणायचं, दुसऱ्याला येत नाही म्हणून आणायचं आणि दोघांना एकाच तागडीत घालून तीसपैकी मार्क द्यायचे. ही काय स्पर्धा झाली?

आणि त्या सुनेची मला खरंच दया येते. घोडबंदर रोडला नाहीतर फिल्मसिटीत बारा तासांची शिफ्ट करायची, दागिन्यांसकट रडायचं, मग रात्री कुठल्यातरी हॉलमध्ये जाऊन लावणी शिकायची. आठवड्याभरात! काय शिकणार? चार पोझेस आणि एक उडी. बाकीचं कॅमेरा करतो. मुळात कॅमेरा एवढा नाचतो तो त्यासाठीच. जिथे पाऊल चुकलं तिथे कापा आणि परीक्षकाचं तोंड लावा. परीक्षकाचं तोंड कधीच तालात चुकत नाही.

1930च्या दशकात हॉलिवूडचा नाचणारा हिरो फ्रेड अस्टेअर हटून बसायचा की नाचताना मी डोक्यापासून पायापर्यंत दिसलो पाहिजे आणि तुकडे कमीत कमी पाडायचे. म्हणजे फसवायला जागाच नाही. आपल्या दूरदर्शनवर रात्री उशिरा शास्त्रीय नृत्य लागायचं. मागे एक निळा पडदा, कोपऱ्यात नटराज, कॅमेरामनला बहुतेक झोप लागलेली. कंटाळवाणं होतं, कबूल. पण माणूस पूर्ण दिसायचा! समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर, पाय पडला की पडलेला दिसायचा. चुकला तर चुकलेला दिसायचा. भगवानदादांचं घ्या. काय ते दोन पावलांचं डोलणं, गल्लीतल्या गणपतीत अजून चालतं. का चालतं? कारण लोकांना ते दिसलं होतं. रविवारच्या लावणीतली एक स्टेप मला कुणी करून दाखवावी. शहाऱ्यांची सोडून.

तर हे सगळं मी घरात ओरडून बोलले. अगदी याच पट्टीत. त्यावर आई शांतपणे म्हणाली, एवढं कळतं तर तू नाचून दाखव की.

आता मी कथकच्या मध्यमा पूर्ण परीक्षेपर्यंत पोचलेली बाई. विशारद राहिलं, का राहिलं ती वेगळी रामकहाणी, त्यात माझा आळस सोडून सगळ्यांचा हात आहे. मी उठले. ओढणी कमरेला खोचली. तीनतालाचा तत्कार, म्हणजे पायांनी वाजवायचे बोल, सुरू केला, ता थेई थेई तत्, आ थेई थेई तत्. बरोबरीची लय, व्यवस्थित. दुगुन, म्हणजे दुप्पट लय, व्यवस्थित, निदान माझ्या मते. चौपटीला, म्हणजे चौगुनला, श्वास आणि पाय यांचं भांडण झालं. तरी तिहाई, म्हणजे शेवटचा तीनदा घ्यायचा तुकडा, घ्यायची म्हणून घेतली, पुढे चक्कर मारायला गेले आणि सम आली ती थेट फ्रिजवर. फ्रिजवरचा पोळ्यांचा डबा खाली. नवरा म्हणतो, वॉव फॅक्टर होता. पाठोपाठ बेल वाजली. खालच्या काकू. त्यांना वाटलं आम्ही रात्री साडेदहाला खलबत्त्यात काहीतरी कुटतोय.

गुडघ्याला अजून तेल लावतेय.

पण म्हणून माझं म्हणणं खोटं होत नाही! उलट त्या दिवाणखान्यात जे झालं ते सगळ्यांना आख्खं दिसलं, फ्रिजसकट. माझ्या चौगुनच्या वेळी कुणी आईचे डोळे पुसतानाचे दाखवून मला वाचवलं नाही.

आणि याचं लोण कुठवर पोचलंय बघा. मागच्या गणपतीत सोसायटीने मला परीक्षक केलं. एका मुलीने कोळीनृत्य केलं, साधं, पण ताल असा पक्का की मी वही खाली ठेवून बघत बसले. बक्षीस कुणाला? ज्याने मध्येच टी-शर्ट फाडला आणि ज्याच्या बाबांनी विंगेतून धुराचा डबा फोडला त्याला. बाकीचे दोन परीक्षक उभे राहून टाळ्या वाजवत होते. मला कोपराने ढोसलं, उभ्या राहा ना. मी बसून राहिले. तेव्हापासून लिफ्टमध्ये ते बाबा माझ्याशी बोलत नाहीत. आमच्या क्लासच्या ताई सांगतात, हल्ली नवीन मूल आलं की पालकांचा पहिला प्रश्न, टीव्हीवर कधीपर्यंत जाईल? अहो, त्याला अजून नीट उभं राहायला शिकवायचंय.

आणि ते पाहुणे! नाच संपतो न संपतो तोच कुठला तरी हिरो सिनेमाच्या प्रमोशनला येतो, आपल्या गाण्याची एक हुकस्टेप सगळ्यांना शिकवतो आणि परीक्षक, ज्यांनी आयुष्यभर नाच बसवले, ते कौतुकाने ती शिकतात. मग नाचणारीचा भावुक व्हिडिओ. लहानपणीचं घर, शिवणयंत्र, वडील. तिच्या वडिलांबद्दल मला आदर आहे हो, पण त्यांच्या शिवणयंत्राला पूर्ण फ्रेम मिळते, न हलणारा कॅमेरा मिळतो, सावकाश, नीट, पायडलसकट दिसतं ते. पायडल चालवणारा पायसुद्धा दिसतो! म्हणजे येतंय ना यांना पाय दाखवता?

एक कॅमेरा द्या. एकच. समोर ठेवा, स्टँडवर, आणि कॅमेरामनला चहाला पाठवा. परीक्षकांच्या तोंडावर हवं तर वेगळं चॅनेल काढा, चोवीस तास चालवा, आई लावेल.

आईवरून आठवलं. तिने मतदानासाठी ते ॲप माझ्या फोनवर घेतलंय, कारण तिच्या फोनमध्ये जागा नाही, नातवंडांचे फोटो आहेत. नंबर माझा, ओटीपी माझा, मत तिचं. आणि मत कुणाला? त्या कॉमेडियनला, जो दर आठवड्याला धपकन पडतो. का, तर ‘तो पडतो तेव्हा दिसतो तरी.’ आता रोज रात्री साडेअकराला माझ्या उशाशी फोन थरथरतो, तुमचा लाडका स्पर्धक डेंजर झोनमध्ये आहे, त्वरा करा. काल नोटिफिकेशन बंद करायला गेले, तर म्हणे आधी तुमच्या आवडत्या परफॉर्मन्सला रेटिंग द्या. पर्याय तीन: जबरदस्त, अप्रतिम, शहारे आले.