पॅलिएटिव्ह केअर म्हणजे 'आता काही उरले नाही' असे नव्हे

केमोथेरपी सुरू होणाऱ्या घरांत एक संदेश वारंवार पुढे पाठवला जातो. त्याचे म्हणणे असे, की पॅलिएटिव्ह केअर, म्हणजे गंभीर आजारातील वेदना व इतर त्रास हलका करणारी सेवा, सुचवली म्हणजे डॉक्टरांनी हात टेकले. केमोचा त्रास मुकाट्याने सोसावा, कारण त्रास होतो म्हणजेच औषध लागू पडते. आणि मॉर्फिन हे तीव्र वेदनेवरचे औषध घेतले की व्यसन लागते.

पहिला दावा सर्वांत घातक आहे, कारण त्यापायी रुग्ण वेळेत मिळणारी मदत नाकारतो. बोस्टनमध्ये फुप्फुसाचा कर्करोग शरीरात पसरल्याचे नुकतेच निदान झालेल्या १५१ रुग्णांचा अभ्यास २०१० मध्ये प्रसिद्ध झाला. ज्यांना नेहमीच्या उपचारांबरोबरच सुरुवातीपासून ही सेवा मिळाली, त्यांच्यात नैराश्य कमी आढळले आणि त्यांचे मध्यक आयुष्यमान (निम्मे रुग्ण जिथवर पोहोचतात तो काळ) ८.९ ऐवजी ११.६ महिने भरले. हा निष्कर्ष प्रत्येक कर्करोगाला जसाच्या तसा लावता येणार नाही. पण ही सेवा घेतल्याने उपचार सुटतात, हा समज त्याने नक्कीच खोडून निघतो.

त्रासावरून औषधाचा गुण ठरत नाही. उलट्या किती होतील हे मुख्यतः कोणते औषध दिले आहे आणि रुग्णाची प्रकृती कशी आहे यावर अवलंबून असते. म्हणूनच सलाइन लावण्याआधी ओन्डान्सेट्रॉन, डेक्सामेथासोन यांसारखी उलटी रोखणारी औषधे देतात. तोंड आल्यावर कडक भाकरी आणि शेंगाचटणी घशाखाली उतरत नाही, वजन घटते, प्रसंगी पुढचा डोस लांबतो. अशा वेळी गरम दुधात कुस्करलेली भाकरी, मऊ भात आणि तोंडाच्या दुखण्यावरचे औषध हा उपचाराचाच भाग असतो.

येथे सोलापूरकरांना एक गोष्ट कळकळीने सांगावीशी वाटते. केमोनंतर साधारण सात ते चौदा दिवसांत रक्तातील जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी बऱ्याचदा सर्वांत कमी होतात. वैशाखात पारा चाळिशीपार गेलेला असताना आलेला ताप 'ऊन लागले' म्हणून अंगावर काढला जातो, परंतु १००.४ अंश फॅरनहाइट किंवा त्याहून अधिक ताप दिसला, तर घरच्या घरी पॅरासिटामॉल देऊन सकाळची वाट न पाहता रात्रीच रुग्णालय गाठावे.

मॉर्फिनबाबत थोडक्यात सांगायचे, तर कर्करोगाच्या वेदनेसाठी डॉक्टरांच्या देखरेखीखाली मोजून घेतल्यास व्यसन क्वचितच लागते. बद्धकोष्ठता मात्र हमखास होते, म्हणून सोबत पोट साफ होण्याचे औषध मागून घ्यावे.

संदेशात एका गोष्टीचा उल्लेखच नाही. अक्कलकोट किंवा मंगळवेढ्याहून येणाऱ्या रुग्णाबरोबर घरातील एकाची मजुरीही बुडते, आणि रात्रभर जागणाऱ्या त्या माणसाची विचारपूस कोणी करीत नाही. प्रवास, पैसा, झोप, मनातील भीती हे सारे याच सेवेच्या कक्षेत येते; म्हणून पहिल्या केमोच्या दिवशीच ते डॉक्टरांपुढे, नर्सपुढे किंवा समाजसेवा अधीक्षकांपुढे मांडावे.