"गोऱ्यांनी एक दगड हलू दिला नाही" म्हणे! थेटफर्डला जाऊन बघा एकदा

गेल्या दोनतीन आठवड्यांत तो फॉरवर्ड मला निदान पाच ग्रुपवर आलाय, कॉलेजच्या, सोसायटीच्या आणि शेवटी खुद्द मामाकडून. फोटोत हिरवळीवर एक पडकी कमान, आणि खाली मजकूर असा की इंग्लंडमध्ये थेटफर्ड नावाचं एक छोटंसं बाजाराचं गाव आहे, तिथे रोमनांविरुद्ध बंड करणाऱ्या बूडिका राणीचा दोन हजार वर्षांपूर्वीचा राजवाडा, नॉर्मन किल्ला, प्राचीन राजांच्या थडग्यांचं अख्खं मैदान, सगळं जसंच्या तसं आहे, त्या लोकांनी कधी एक दगड हलू दिला नाही, सोनं सापडलं तरी माणूस आधी सरकारला कळवतो, आणि आपण मात्र किल्ल्यांवर बदाम कोरत बसतो. जपणं त्यांच्या रक्तातच आहे म्हणे.

बदाम कोरतो हे खरंय, त्यावर माझा काही वाद नाही. पण बाकीचं जवळजवळ सगळं चूक आहे, आणि मी थेटफर्डपासून गाडीने तासाभरावर राहतो, दोनदा जाऊन आलोय, एकदा तर आईबाबांना घेऊन, म्हणून राहवलं नाही. लांबेल थोडं.

आधी फोटो. तो राजवाडा वगैरे काही नाही, ती थेटफर्ड प्रायरी आहे, क्लूनी पंथाच्या ख्रिस्ती साधूंचा मठ. रॉजर बिगॉड नावाच्या नॉर्मन सरदाराने ११०३-०४ च्या सुमारास स्थापन केला, म्हणजे बूडिकानंतर हजार वर्षांनी. चारेकशे वर्षं चालला, नॉरफोकच्या ड्यूक घराण्याची थडगी इथे होती, राजा आठव्या हेन्रीचा अनौरस मुलगा फिट्झरॉय इथेच पुरलेला. आणि १५४० साली हा मठ बंद कुणी पाडला? त्याच हेन्रीने, देशभरातले सगळे मठ त्याने बंद करून मालमत्ता खिशात घातली त्यात हाही गेला. फिट्झरॉयचं थडगंसुद्धा उचलून शेजारच्या सफोकमध्ये फ्रॅमलिंगहमच्या चर्चमध्ये न्यावं लागलं. आणि म्हणे दगड हलू दिला नाही!

मग उरलेल्या इमारतीचं काय झालं ते भिंतीच्या अगदी जवळ गेलं की दिसतं. आज उभं आहे ते बहुतेक आतलं भरताड, चकमकीचे ओबडधोबड काळे-पांढरे गोटे आणि चुना. भाकरीचा वरचा पापुद्रा कुणीतरी अलगद काढून घ्यावा आणि खालचा भाग तसाच टाकावा, तशा त्या भिंती दिसतात. बाहेरून घडीव दगडाचं सुबक काम होतं ते जवळपास सगळं गायब. कारण साधंय, नॉरफोकमध्ये बांधकामाचा चांगला दगड मिळतच नाही, तो लांबून पाण्याच्या वाटेने आणावा लागायचा, मग तयार घडवलेले चिरे गावातच फुकट पडलेले असताना कोण सोडणार? लोकांनी काढले आणि आपापल्या भिंतींना लावले, आपल्याकडे गढीचे चिरे गावातल्या घरांना लागतात अगदी तस्संच. गावात दुसरा एक मठ होता, होली सेपल्करच्या साधूंचा, इंग्लंडमध्ये त्या पंथाच्या मठाचे एवढेच अवशेष उरलेत, तर त्या चर्चचं पुढे चक्क धान्याचं कोठार केलं होतं.

आता किल्ला. गावाच्या मध्यात कॅसल हिल आहे, मातीची प्रचंड टेकडी, वीसेक मीटर उंच, म्हणजे सहा-सात मजली बिल्डिंग समजा. माणसांनी टोपल्या वाहून रचलेली, देशातल्या सगळ्यात उंच अशा टेकड्यांपैकी एक, आणि खाली त्याच्याही आधीच्या लोहयुगातल्या कोटाचे खंदक. लाकडी पायऱ्या चढून आम्ही वर गेलो, आईला धाप लागलेली, तिने गोल फिरून बघितलं आणि विचारलं, "अरे पण किल्ला कुठंय?" किल्ला नाहीच. होता तो बहुतेक लाकडी, आणि ११७३ साली दुसऱ्या हेन्रीने त्याच बिगॉडच्या बंडखोर घराण्याचा बंदोबस्त करताना तो पाडून टाकला. टेकडी राहिली कारण एवढी माती उचलून नेऊन कुणी करणार काय! बाबा म्हणाले, आमच्या सातारकडचा पडका गडसुद्धा याच्यापेक्षा भरलेला असतो. त्यात अभिमान थोडा जास्त होता, पण मुद्दा चूक नव्हता.

"राजांच्या थडग्यांचं मैदान" हे वाचून तर मी खरंच हसलो. ते ग्राइम्स ग्रेव्ह्ज, थेटफर्डपासून दहा-अकरा किलोमीटरवर. नावात ग्रेव्ह्ज आहे म्हणून थडगी, एवढाच आधार. त्या खाणी आहेत हो, चकमकीच्या, साडेचार हजार वर्षांपूर्वीच्या! वरून बघितलं तर नुसते गवताने भरलेले खळगे, देवीच्या व्रणांसारखे, चारशेच्या वर आहेत ते, आणि प्रत्येक खळगा म्हणजे एक बुजलेली खाण. पुढे इथे येऊन वसलेल्या सॅक्सन लोकांना वाटलं हे कुठल्या माणसाचं काम नाही, ग्रिमचं असणार, म्हणजे त्यांच्या वोडन देवाचं. खाणी आहेत हे कळलं कधी, तर १८७० च्या सुमारास ग्रीनवेल नावाच्या पाद्र्याने एक खड्डा पार तळापर्यंत उपसला तेव्हा. एका खाणीत पर्यटकांना उतरू देतात, खाली गेलं की भर उन्हाळ्यातही गार लागतं, पांढऱ्याफेक खडूच्या भिंती आणि तळाशी काळ्या चकमकीचा तो थर ज्यासाठी एवढा खटाटोप केला, आणि चारी बाजूंना रांगत जावं लागेल असे बोगदे. खोदायला हत्यार काय तर हरणाचं शिंग! लोखंड सोडा, ब्राँझसुद्धा यायचं होतं. अशी खरी गोष्ट हाताशी असताना लोकांना राजांची थडगी कशाला सुचतात कळत नाही.

बूडिकाचा राजवाडा. आता हे मुळापासून खोटं नाही, वर्तमानपत्री नाव आहे ते, तिथलेही लोक म्हणतात. गावाच्या उत्तरेला गॅलोज हिलवर १९८० ते ८२ मध्ये उत्खनन झालं, बूडिकाच्या आयसिनी जमातीच्या काळातलं भलंमोठं आवार निघालं, आत गोल इमारती आणि भोवती एकामागे एक नऊ रांगांचं लाकडी कुंपण. पण रोजच्या राहणीच्या खुणा फारच थोड्या, त्यामुळे हे राहायचं ठिकाण नसून धार्मिक विधींचं किंवा जमातीच्या मेळाव्यांचं असावं असंच बहुतेक अभ्यासक मानतात. इ.स. ६१ च्या सुमारास, म्हणजे बूडिकाचं बंड मोडल्यावर, ते सगळं उपसून काढलेलं दिसतं, बहुतेक रोमनांनीच. आणि "जसंच्या तसं" विचाराल तर तिथे आज इंडस्ट्रियल इस्टेट आहे. शेड, पार्किंग, फोर्कलिफ्ट. उत्खननच मुळी केलं होतं ते पुढे बांधकाम होणार म्हणून.

त्याच टेकडीवरची सोन्याची गोष्ट फॉरवर्डवाल्याला माहीत असती तर त्याने ती ओळ लिहिलीच नसती. नोव्हेंबर १९७९ मध्ये एकाने बांधकामाच्या जागेवर परवानगी न घेता मेटल डिटेक्टर फिरवला आणि त्याला रोमन खजिना लागला, सोन्याच्या २२ अंगठ्या, चांदीचे ३३ चमचे, शिवाय पट्ट्याचं सोन्याचं बक्कल, चमच्यांवर फॉनस या जुन्या रोमन देवाची नावं कोरलेली. सरकारला कळवलं का? काही महिने कुणाला पत्ताच नाही. परवानगी नव्हती ना! बातमी फुटेपर्यंत जागेवर बांधकाम उभं राहिलं होतं, आणि तो माणूस थोड्याच दिवसांत वारला, त्यामुळे वस्तू नेमक्या कुठे होत्या, कशा ठेवलेल्या, सोबत नाणी होती का, हे विचारायलाही कुणी उरलं नाही. वस्तू आज ब्रिटिश म्युझियममध्ये काचेमागे लखलखतायत.

कायद्याचंही असंच. सापडलेल्या धनाबद्दल भारतात १८७८ चा कायदा आहे, इंग्लंडने आपला नीट लेखी कायदा केला १९९६ ला! स्मारकं जपायचा त्यांचा पहिला कायदा १८८२ चा, तोही संसदेत जवळपास दहा वर्षं रखडून, कारण जमीनदार म्हणायचे आमच्या शेतातला दगड आमचा, आणि पास झाला तेव्हाही मालकाची मर्जी असेल तरच लागू. भारतात पुरातत्त्व खात्याची सुरुवात त्याच्या २१ वर्षं आधी, १८६१ ला झालेली. ती त्यांनीच केली हेही खरं, आणि १८१८ ला रायगडावर तोफा डागल्या, वाडे जळाले, तेही त्यांचंच काम.

आणि रक्ताचाच हिशोब करायचा असेल तर तोही करू. थेटफर्डमध्ये एन्शंट हाउस म्हणून एक घर आहे, साधारण १४९० चं, लाकडी चौकटीचं, आत ओकच्या कोरीव तुळया. ते वाचलं कारण एकाने ते विकत घेऊन १९२१ साली गावाला देऊन टाकलं, १९२४ पासून तिथे म्युझियम आहे. तो एक म्हणजे प्रिन्स फ्रेडरिक दुलीपसिंग. पंजाबच्या शेवटच्या महाराजांचा, ज्यांच्याकडून कोहिनूर घेतला त्या दुलीपसिंगांचा मुलगा. महाराज थेटफर्डजवळच एल्व्हडनला राहायचे, तिथेच त्यांची कबर आहे, थेटफर्ड गावात नदीकाठी त्यांचा घोड्यावरचा पुतळाही आहे. फ्रेडरिकची आई कैरोची, तिचे वडील जर्मन आणि आई इथिओपियाची. त्या माणसात इंग्रज रक्त भिंग घेऊन शोधलं तरी सापडायचं नाही.

एक गोष्ट मात्र मामाला फोनवर कबूल केली. प्रायरीला तिकीट नाही, पण तिथे फलक लावलेत, कुठली भिंत कशाची ते नकाशासकट. आईला इंग्रजी जेमतेम येतं, तरी तिने नकाशा बघून जेवणघर कुठलं ते हुडकलं, गुडघाभर उंचीच्या त्या भिंतीशी जाऊन उभी राहिली आणि बाबांना हाक मारून म्हणाली, "अहो इकडे या, पंगत इथे बसायची."