रायफल ९ दिवस का ठेवली आणि ट्रिगर हलका का केला नाही

नमस्कार,

आमच्या बंदूक-दुरुस्तीच्या दुकानाबद्दलचं तुमचं परीक्षण काल रात्री वाचलं. तुमच्या रायफलच्या कामाचं कार्ड समोर ठेवून हे उत्तर लिहितो आहे. तुमच्या तक्रारी थोडक्यात अशा : नुसत्या सफाईला ९ दिवस लागले, न विचारता सुटे भाग बदलून त्यांचे पैसे लावले, ट्रिगर हलका करायला सांगितला तर उलट जड करून दिला, नळी आतून अजून काळपट दिसते, दहातली तीन-चार काडतुसं अडकतात, आणि ५० मीटरवर गोळी चार बोटं उजवीकडे लागते. यातल्या दोन बाबतींत चूक आमची आहे, ती पुढे सांगतो. ट्रिगरच्या बाबतीत मात्र मी उद्याही तेच करीन, म्हणून सुरुवात तिथून.

तुमची रायफल रुगर १०/२२, म्हणजे .२२ इंची काडतुसांची सेमी-ऑटोमॅटिक. हे मॉडेल १९६४ पासून बनतंय. दस्त्याचा मुख्य स्क्रू काढला की वरचा भाग मोकळा होतो, आणि दोन पिना ढकलल्या की ट्रिगरचा अख्खा संच हातात येतो. इतकी सोपी रचना असल्यामुळे सेकंडहँड १०/२२ आधी कोणाकोणाच्या हातून उघडली गेली असेल याचा नेम नसतो. म्हणून आम्ही ब्रशला हात लावण्याआधी तपासणी करतो. मॅगझिन काढायचं, बोल्ट (काडतूस आत ढकलून नळी मागून बंद करणारा सरकता तुकडा) मागे अडकवायचा, चेंबर (नळीत काडतूस बसतं ती जागा) डोळ्यांनी पाहायचं आणि बोटानेही चाचपायचं. मग रिकाम्या रायफलचा हॅमर, म्हणजे ट्रिगर ओढल्यावर पडून बार उडवणारा घोडा, चढवून, सेफ्टी काढून, दस्त्यावर रबरी हातोडीने हलके ठोके द्यायचे. तुमच्या रायफलचा हॅमर दुसऱ्या ठोक्याला पडला. ट्रिगरला कोणाचंही बोट लागलेलं नव्हतं.

हॅमरला अडवून धरणारा जो छोटा तुकडा असतो, त्याला सिअर म्हणतात. या दोघांची पकड मिलिमीटरच्या अंशावर असते. आधीच्या कोणीतरी सिअरची धार दगडावर घासून तिचा कोन बदलला होता. भिंगाखाली घासल्याच्या रेघा स्पष्ट दिसतात. तुम्हाला रायफल घेताना आवडलेला ‘मऊ’ ट्रिगर याच घासण्यातून आलेला होता. आमच्या काट्यावर तो १ किलोच्याही आत सुटत होता. बोल्ट-अ‍ॅक्शन (बोल्ट दर वेळी हाताने ओढायच्या) रायफलमध्येही हा दोष वाईटच, पण सेमी-ऑटोमॅटिकमध्ये तो जास्त धोक्याचा. इथे प्रत्येक बारानंतर बोल्ट आपोआप मागे जातो, पुढचं काडतूस घेऊन जोरात पुढे आदळतो, आणि त्या आदळण्याने सिअर निसटला तर तुम्ही न ओढता दुसरा बार होतो. पहिल्या बाराच्या धक्क्याने नळी तेव्हा कुठे वळलेली असेल? शेजारच्या लेनवर कोण उभं असेल? अशी रायफल चकचकीत पुसून ग्राहकाच्या हातात देणं मला जमणार नाही, मग एक तारा मिळाला तरी चालेल.

म्हणून हॅमर आणि सिअर दोन्ही नवे बसवले. एकच बदलला असता तर जुन्या झिजलेल्या पृष्ठभागावर नव्याची पकड नीट बसली नसती. आता ट्रिगर अडीच किलोच्या थोडा वर सुटतो, म्हणजे या रायफलसाठी नेहमीसारखा. ९ दिवसांतले ६ दिवस हे भाग येण्याची वाट पाहण्यात गेले. तुमच्याशी चौथ्या दिवशी फोनवर बोलणं झालं होतं, पण ते घाईत झालं, आणि ‘काय सापडलं, काय बदलणार, किती लागेल’ हे आम्ही लेखी पाठवलं नाही. ही पहिली चूक आमची. बिलावर सुट्या भागांचा आकडा पाहून तुम्हाला धक्का बसणं स्वाभाविक होतं. त्याबद्दल मनापासून माफी मागतो. आजपासून भाग बदलण्याआधी फोटो आणि लेखी होकार, हा नियम आम्ही केला आहे.

आता नळी. या रायफलचा सांगाडा मागून बंद असतो, त्यामुळे सरळ गज चेंबरच्या बाजूने घालता येत नाही. म्हणून बहुतेक जण नळीच्या तोंडाकडून गज खुपसतात. उघडा धातूचा गज तोंडाच्या कडेवर घासत राहिला की ती कड एका बाजूने झिजते, आणि गोळी नळी सोडते तो शेवटचा क्षण तिथेच असतो. तुमच्या नळीच्या तोंडाशी अशी एक पुसटशी खूण आहे. पुढे घासू नये म्हणून आम्ही दोन स्क्रू काढून नळीच वेगळी केली आणि चेंबरकडून साफ केली. सर्वांत जास्त वेळ चेंबरच्या पुढच्या कडेला लागला. काडतुसाच्या पुंगळीचं तोंड जिथे संपतं तिथे काजळी, शिसं आणि गोळीवरच्या मेणाचं एक कडक कडं साठतं. त्यामुळे काडतूस पूर्ण आत बसत नाही. ते कडं आता राहिलेलं नाही.

जे काळपट दिसतं ती घाण नाही. तोंडाकडच्या भागात पूर्वी कधीतरी गंज चढून बारीक खड्डे पडले आहेत. गंज काढता येतो, पण खाल्लेलं पोलाद परत येत नाही. ते आरशासारखं करायला घासत बसलो असतो तर गोळीला फिरकी देणाऱ्या नळीतल्या पिळाच्या कडा बोथट झाल्या असत्या. ५० मीटरवर टेकूवरून ५ गोळ्यांचा गट ३ सेंटीमीटरच्या आत आला, म्हणून आम्ही नळीला आणि तिच्या तोंडाला आणखी हात लावला नाही. तुम्हीही उजेडात धरून पाहण्यापेक्षा कागदावर पाहा. आणि सफाईनंतरच्या पहिल्या दहा-पंधरा गोळ्या विखुरल्या तर घाबरू नका. .२२ ची नळी शिशाचा आणि मेणाचा पातळ थर बसला की स्थिरावते.

काडतुसं अडकण्याबद्दल तुम्ही लिहिलंय की रायफल ‘कोरडी’ वाटली म्हणून घरी भरपूर तेल घातलं. कृपया ते पुसून काढा. .२२ चं दारूकाम घाणेरडं असतं, तेलात मिसळून त्याचा चिखल होतो आणि बोल्ट मंदावतो. बोल्ट सरकतो त्या जागी एक थेंब पसरवला तरी पुष्कळ झालं, आणि मॅगझिनमध्ये तर तेल अजिबात नको. तुम्ही सोबत टाकलेल्या फोटोतली काडतुसं सबसॉनिक, म्हणजे आवाजापेक्षा कमी वेगाची आहेत. या रायफलमध्ये बोल्टला कुलूप नसतं. पुंगळीच्या मागच्या रेट्यानेच तो मागे ढकलला जातो, म्हणून हळू चालणाऱ्या काडतुसाचा रेटा अनेकदा कमी पडतो आणि पुंगळी बाहेर पडण्याआधीच बोल्ट परत येतो. आम्ही चाचणी साधारण ३८० मीटर प्रति सेकंद वेगाच्या काडतुसांवर केली. ५० बार झाले, एकही अडकलं नाही. मात्र तुम्ही कोणतं काडतूस वापरणार हे आम्ही काउंटरवरच विचारायला हवं होतं.

स्कोपचं, म्हणजे नेम धरायच्या दुर्बिणीचं, मी सर्वांत शेवटी ठेवलं, कारण तिथे माझ्याकडे बचाव नाही. काडतूस हळू असेल तर ५० मीटरवर गोळी तीनेक सेंटीमीटर खाली लागेल, पण त्याने चार बोटं उजवीकडे जाणार नाही. तिथे काहीतरी सैल आहे. मी कार्ड पाहिलं. सांगाड्यावरच्या पट्टीच्या चारही स्क्रूंसमोर आमच्या कारागिराची खूण आहे, स्कोप धरून ठेवणाऱ्या कड्यांच्या स्क्रूंसमोर नाही. म्हणजे ते ठरलेल्या ताकदीने आवळल्याची नोंद नाही, आणि बहुधा ते आवळलेच गेले नाहीत. ही दुसरी चूक, आणि ती पूर्णपणे आमची. कृपया स्कोपच्या खुंट्या फिरवून ती भरून काढू नका, कारण कडी सैल असेपर्यंत नेम दर काही बारांनी पुन्हा सरकेल.

रायफल घेऊन या. मॅगझिन वेगळं, बोल्ट मागे अडकवलेला, आणि सोबत तुम्ही नेहमी वापरणार त्या काडतुसांचा एक डबा. कडी तुमच्यासमोर आवळू, त्याच दिवशी रेंजवर तुमच्याच हाताने, तुमच्याच काडतुसांवर नेम लावून देऊ. या कामाचे काही पैसे घेणार नाही. तुमचा जुना हॅमर आणि सिअर पाकिटात जपून ठेवले आहेत. भिंग टेबलावरच असतं, ते आधी स्वतः पाहा.