नोकरी गेलेल्याला धीर कसा द्यावा

गेल्या रविवारी एका बारशाच्या पंगतीत जिलबी वाढणाऱ्याने परात तशीच हातात धरून, मांडवाच्या टोकापर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात विचारलं, "काय भावा, घावली का न्हाई नोकरी?" माना वळल्या. जेवणाऱ्याचा घास हातातच राहिला.

धीर द्यावा तर असा. पण ही कला सगळ्यांना जमत नाही. शिरोली, गोकुळ शिरगाव, कागल या कोल्हापूरच्या एमआयडीसी धरल्या तर आपल्याकडे नोकरी गेलेला माणूस शोधायला लांब जावं लागत नाही. तेव्हा इच्छुकांनी सराव सुरू करावा.

बातमी कळताच घर गाठा. शक्यतो त्याने बायकोला सांगायच्या आत.

"जे होतं ते चांगल्यासाठीच होतं" हे चहा यायच्या आधी म्हणायचं.

मग धंदा सुचवा. मिसळीची गाडी. कोल्हापुरात मिसळ कुठं मिळते म्हणा! भांडवल? पीएफ आहे की. पीएफ काढणं म्हणजे मोबाईलवर दोन बोटं फिरवली की झालं, असं ठणकावून सांगा. आधारवर एक नाव आणि पीएफला दुसरं असलं, की क्लेम परत येतो हे सांगू नका. बँक मर्ज होऊन आयएफएससी बदलला असेल तर तोही आठवू देऊ नका. कंपनीने एक्झिट डेट, म्हणजे नोकरी सुटल्याची तारीख, टाकली नाही, तर शेवटच्या वर्गणीनंतर २ महिन्यांनी ती पीएफच्या पोर्टलवर स्वतः टाकता येते. हे तर अजिबात नको. हेलपाटे घातल्याने मन रमतं.

आता मुख्य मार्गदर्शन. कंपनीने त्याला आत बोलावून 'वैयक्तिक कारणास्तव राजीनामा देत आहे' असा टाईप केलेला कागद पुढे सरकवला, की तुमचा फोन गेलाच पाहिजे. "सही कर आणि मोकळा हो मर्दा, कटकट कशाला? काढलं म्हटल्यावर पुढं कोण घेणार?" उत्तम सल्ला. वर्षभर सलग काम केलेल्या कामगाराला कपातीत काढायचं तर किमान महिन्याची नोटीस किंवा महिन्याचा पगार, शिवाय पूर्ण झालेल्या दर वर्षामागे १५ दिवसांचा सरासरी पगार द्यावा लागतो. राजीनाम्यावर यातली भरपाई शून्य. ग्रॅच्युइटी वेगळी, ती ५ वर्षं भरली की राजीनामा दिला तरी मिळते. बेसिक-डीए १८,००० आणि नोकरी ७ वर्षं असेल तर १८,००० गुणिले १५ गुणिले ७, भागिले २६, म्हणजे ७२,६९२ रुपये. एवढा एक आकडा वहीत लिहून दिलात तर रात्री तीनला छातीवर बसणारं ओझं थोडं तरी हलेल. पण तुम्ही तो देणार नाही, कारण तुम्हाला तो माहीतच नाही आणि तरी फोन मात्र तुमचाच पहिला! शिवाय त्या सहीने पैशाच्या पलीकडचंही जातं. 'वैयक्तिक कारण' हे दोन शब्द माणूस रोज अंथरुणात पडल्या पडल्या वाचतो. महिन्याभरात त्याला खरंच वाटायला लागतं की ऑर्डरी आटल्या वगैरे काही नाही, खोट आपल्यातच होती. कुणी विचारलं होतं ओ तुम्हाला?

असो. पतसंस्थेच्या कर्जाला तुम्ही जामीन असाल तर चौकशी रोज करा, काळजीपोटी.

रंकाळ्यावर फिरायला पाठवा. "वेळच वेळ आहे आता." ऑस्ट्रियातल्या मारिएन्थाल गावची गिरणी १९३०च्या सुमारास बंद पडली, तेव्हा मारी याहोडा ही समाजमानसशास्त्रज्ञ आणि तिच्या सहकाऱ्यांनी रस्त्यावरच्या लोकांची चाल घड्याळ लावून मोजली. बेकार पुरुष बायकांपेक्षा हळू चालत, मध्येच थांबत. बायकांची घरी चूल वाट बघत होती, पुरुषांची वाट कुणीच बघत नव्हतं. वेळ एवढा, तरी वाचनालयातून पुस्तकं कमी जायला लागली. थंब मारायची वेळ गेली की दिवसाचा सांगाडाच जातो. मग डबा घेऊन घरातून निघणारा आणि रंकाळ्याच्या कट्ट्यावर बसून तो खाणारा माणूस दिसतो. तुम्ही त्याला "मजा आहे बाबा तुझी" म्हणून पुढे जाता.

डोळ्यांत पाणी आलंच तर म्हणा, "गडी माणूस असून रडतोस?"

पुरे झालं. अहो, थोडी तरी लाज बाळगा. माणूस आधीच स्वतःला खात बसलाय, आणि तुम्ही जाता-येता टोच्या मारताय. जमलं तर सकाळी त्याच्या शिफ्टच्याच वेळेला त्याच्या घरी जा, पासबुक आणि पगाराच्या स्लिपा घेऊन शेजारी बसा, पीएफचा अर्ज दोघं मिळून भरा. हप्ता थकायच्या आधी त्याच्यासोबत बँकेत जा, थकल्यावर मॅनेजर ऐकत नाही. सलग आठवडाभर झोप नाही, जेवण नाही, 'माझं ओझंच झालंय' असं बोलायला लागला तर त्याला एकटा सोडू नका आणि १४४१६ लावून द्या. टेलिमानस आहे, मानसिक आरोग्याची सरकारी हेल्पलाइन, चोवीस तास, मराठीत बोलतात, पैसे लागत नाहीत. यातलं काही जमत नसेल तर गप्प बसा. आणि पंगतीत परात हातात दिली असेल, तर जिलबी वाढा आणि पुढच्या ताटाकडे सरका.