ब्रुज ते गेंट, व्हाया सांगली

बेल्जियममधल्या ब्रुजहून गेंटला जायला ई-४० नावाचा सरळसोट हायवे आहे. अंतर ५० किलोमीटरच्या आसपास, रस्ता पाऊण तासाचा. रेल्वेने तर जेमतेम अर्धा तास. एवढ्याशा प्रवासाचं कसलं आलंय नियोजन, असं ज्यांना वाटतं त्यांचे काका बांधकाम खात्यातून निवृत्त झालेले नसणार.

माझे झालेत. काका-काकू उन्हाळ्यात सांगलीहून आमच्याकडे ब्रसेल्सला येणार हे पक्कं झालं आणि लगेच काकांनी व्हॉट्सॲपवर ‘फ्लँडर्स मोहीम’ नावाचा ग्रुप काढला. (फ्लँडर्स म्हणजे ब्रुज-गेंट जिथे आहेत तो बेल्जियमचा उत्तर भाग.) त्यात काका, काकू, मी, बायको आणि कोल्हापूरची आत्या. आत्या येणार नाहीये. सगळ्यात जास्त सूचना तिच्याच असतात.

“हायवेनं काय जायचं?” काकांनी पहिल्याच फोनवर फर्मान काढलं. “हायवे बघायचा तर आमचा पुणे-बेंगलोर आहे की. तू मला निसर्गरम्य रस्ता काढ.” हा फोन त्यांच्या सकाळी नऊला आला होता, म्हणजे माझ्या पहाटे साडेपाचला. त्या वेळी मला कुठलाच रस्ता रम्य वाटत नाही.

फ्लँडर्सची मुख्य अडचण अशी, की हा प्रदेश पोळपाट आहे. काकूंनी विचारलं, “घाट कुठं लागतो?” म्हटलं, घाट नाही. “मग गोळी कधी घ्यायची?” उलटीची गोळी घाटाच्या आधी अर्धा तास घ्यायची, असा काकूंचा आंबा घाटापासूनचा शिरस्ता आहे. काकांना वेगळीच काळजी. घाट नाही म्हणजे घाटमाथ्यावरचा चहा नाही, कणीस नाही, गाडी बाजूला घेऊन “काय दरी आहे!” म्हणणं नाही. मग प्रवास केला हे कळणार कसं?

त्यांच्या समाधानासाठी मी कॉपेनबर्ग सुचवला. जाताजाता नव्हे, गेंटच्याही दक्षिणेला, चांगलाच आडवाटेला. पण नाव मोठं आहे. १९१३ पासून चालत आलेल्या ‘टूर ऑफ फ्लँडर्स’ या सायकल शर्यतीतला हा दगडी चढ भल्याभल्यांना सायकलवरून उतरवून पायी चालायला लावतो. काकांनी उंची विचारली. म्हटलं, ७७ मीटर. पलीकडे बराच वेळ शांतता. मग म्हणाले, “समुद्रसपाटीपासून?” सांगली समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरच्या आसपास आहे. म्हणजे काकांचं तळमजल्यावरचं न्हाणीघर या डोंगराच्या सातपट उंचीवर. रोज तिथे आंघोळ करणारा माणूस कॉपेनबर्ग बघायला कशाला येईल? विषय मिटला.

मग मी नकाशा घेऊन बसलो. ब्रुज आणि गेंटला जोडणारा एक कालवा आहे, सतराव्या शतकात खणलेला. त्याच्या काठाने एकेकाळी घोडे प्रवाशांची नाव ओढत नेत, आणि त्या नावेतल्या जेवणाची युरोपभर ख्याती होती. काठचे ते रस्ते अजून शाबूत आहेत. दुतर्फा झाडं, पाण्यात त्यांची प्रतिबिंबं, मधूनच एखादा बगळा. मी हरखून गाडीचा मार्ग आखायला गेलो, तर नकाशा मला उचलून पुन्हा हायवेवर नेऊन ठेवी. कारण उघड आहे. घोडे गेले ते वाट सायकलींच्या नावे करून गेले. मोटारीला तिथे मज्जाव.

हे एकाच ठिकाणचं असतं तर ठीक होतं. पण रस्ता जितका सुंदर, तितकी त्यावर गाडी नेण्याची बंदी कडक, असाच इथे कायदा असावा असं मला वाटू लागलं. सायकलवाल्यांची चैन मात्र बघावी. रस्ते जिथे मिळतात त्या प्रत्येक नाक्याला नंबर आहे. नंबर कागदावर उतरवून घ्यायचे आणि एकामागून एक नाके गाठत निघायचं. गेल्या शतकाच्या शेवटी लिंबुर्गमधल्या एका खाण अभियंत्याच्या डोक्यातून ही कल्पना निघाली. अभियंता म्हटल्यावर काकांनी खुर्ची पुढे ओढली. “बघ! हे असं काम पाहिजे. आम्ही मैलाचे दगड रंगवत बसलो.”

मोटारीने आडरस्त्याला लागलंच, तर तिथे उजवीकडचा नियम तुमची वाट बघत असतो. वेगळी पाटी नसेल, तर उजव्या बाजूच्या बोळातून येणाऱ्याला आधी जाऊ द्यायचं. तुम्ही मोठ्या रस्त्यावर आहात, तो एखाद्या घराआडून अचानक उगवलाय, तरी मान त्याचा. परिणामी चालवणारा डावीकडचा किल्ला बघत नाही, समोरची पवनचक्की बघत नाही. तो उजवीकडची कुंपणं बघत जातो. हे काकांना सांगितलं तर म्हणाले, “आमच्याकडे सोपं आहे. ट्रकचा मान पहिला.”

दरम्यान काकांनी सांगलीत बसून स्ट्रीट व्ह्यूवर फिरायला सुरुवात केली होती. एका रात्री त्यांनी दामे गावच्या चौकातल्या पुतळ्याचा फोटो पाठवला. “हे कोण?” याकोब फान मार्लांट, तेराव्या शतकातले कवी. लॅटिनमधलं ज्ञान त्यांनी लोकांच्या भाषेत, डच पद्यात आणलं. काकांचा लगेच फोन. “अरे, म्हणजे माउलींच्याच काळातले! आणि कामही तेच! हे गाव सोडायचं नाही.” मी अजीजीने सांगितलं, की काका, गेंट ब्रुजच्या आग्नेयेला आणि दामे ईशान्येला. त्यावर आत्याने ग्रुपवर लिहिलं, “देवाच्या कामाला दिशा बघू नये.” दामे यादीत आलं.

बायकोची मागणी एकच होती: लेये नदी. गेंटच्या अलीकडे ही नदी अशी काही वळणं घेते, की विसाव्या शतकाच्या सुरुवातीला चित्रकार सिंट-मार्टेन्स-लातेम गावात मुक्कामालाच येऊन राहिले. आता तिथे श्रीमंतांचे बंगले आहेत. त्यांच्या हिरव्या कुंपणांच्या भिंती इतक्या उंच आणि दाट, की गाडीतून नदी दिसणं हा नशिबाचा भाग. शेजारचा ओइडोंकचा किल्ला तेवढा बघायला मिळेल. तो मी आनंदाने लिहून घेतला. किमान एक गोष्ट तरी वाटेवर होती.

खरा पेच गेंटच्या वेशीवर. २०१७ मध्ये या शहराने मोटारींसाठी स्वतःचे तुकडे पाडले. एका भागातून शेजारच्या भागात गाडीने जायचं, तर मधून वाट नाही. आधी बाहेरच्या रिंगरोडला यायचं, वळसा घालायचा आणि पुन्हा आत शिरायचं. चुकून घुसलात तर कॅमेरा नंबर टिपतो आणि पावती घरी येते. भरीला २०२० पासून जास्त धूर सोडणाऱ्या जुन्या गाड्यांना बंदी. मी म्हटलं, गाडी शहराबाहेर ठेवून ट्रामने जाऊ. काका म्हणाले, “मग गाडी नेतोयस कशाला?” या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडे अजूनही नाही.

त्यात ठरला गुरुवार. काकूंचा दत्ताचा उपवास. खरं तर गेंटसारखं शाकाहाराचं कौतुक करणारं शहर शोधून सापडणार नाही. २००९ पासून तिथे आठवड्यातला एक दिवस शाकाहाराचा म्हणून पाळला जातो, आणि तो नेमका गुरुवार. म्हणजे अख्खं शहर काकूंसाठी शाकाहारी होणार आणि त्या दिवशी काकू जेवणार नाहीत. मी म्हटलं, काकू, बटाटा चालतो ना? इथल्या फ्राइज जगात भारी! काकू खुलल्या. मग बायकोने हळूच सांगितलं, की त्या पूर्वापार गाईच्या चरबीत तळतात. काकूंनी फोन काकांकडे दिला. वनस्पती तेलाची दुकानंही असतात, आधी विचारून घेऊ, असं मी ओरडून सांगत होतो. पण पलीकडे साबुदाण्याचा डबा निघाला होता.

शेवटी मी सगळं एका कागदावर मांडलं: दामे, मग उलटं फिरून ब्रुजला वळसा, लेयेकाठची कुंपणं, ओइडोंक, गाडी बाहेर, ट्राम आत. पाऊण तासाच्या रस्त्याला दिवस पुरेना. सहाशे वर्षांपूर्वीचं व्हॅन आइक बंधूंचं चित्र, जे बघायला गेंटला जायचं, ते बंद व्हायच्या वेळेला आम्ही रिंगरोडवर असणार होतो.

काल पहाटे साडेपाचला फोन वाजला.

“सगळं रद्द कर,” काका म्हणाले. “चांगले रस्ते सायकलवाल्यांचे, नंबर सायकलवाल्यांसाठी, मान सायकलवाल्यांना. आपण सायकलनं जाऊ. नोकरीत निम्मी साइट मी सायकलवरच केलीय.”

“काका, पण काकूंना सायकल येत नाही.”

“तिला कशाला यायला पाहिजे? तिथल्या सायकलींना कॅरिअर असतो का, तेवढं बघून ठेव.”