पुडीतली बुरशी आणि मातीतली बुरशी

हरभरा वीस-पंचवीस दिवसांचा झाला की सकाळी शेतात गेल्यावर माझे पाय आधी वरच्या तुकड्यातल्या त्या चट्ट्याकडेच वळतात. काल टवटवीत असलेलं रोप आज मान टाकून बसलेलं. उपटून बुडखा उभा चिरला की आत काळपट रेघ. हा मर रोग. त्याची फ्युजेरियम बुरशी हरभरा नसतानाही मातीत ६ वर्षांपर्यंत तग धरते, म्हणजे एखाद्या हंगामात गहू घेतला न् सुटलो, असं होत नाही.

मग सगळे सांगतात, ट्रायकोडर्मा वापरा. बरोबरच आहे. ही बुरशी मुळाभोवतीची जागा आधी अडवते, रोगाच्या बुरशीला विळखा घालते आणि विकरं (एन्झाइम) सोडून तिची भिंत विरघळवून तिलाच खाते. रिचर्ड वाइंडलिंग या वनस्पतिरोगांच्या अभ्यासकानं १९३२ मध्येच ती रायझोक्टोनिया या दुसऱ्या रोगकारक बुरशीवर अशी जगते, हे दाखवलं होतं. (आळिंबी म्हणजे मशरूम पिकवणाऱ्यांसमोर मात्र तिचं कौतुक करू नका. त्यांच्या बेडवर हिरवी बुरशी म्हणून हीच बसते.)

माझी तक्रार आहे ती आपण तिला युरियासारखं वागवतो याची. अहो, ती जिवंत आहे! दोन वर्षांपूर्वी मी आणलेली पुडी दुकानाच्या पत्र्याखाली अख्खा उन्हाळा तापलेली होती. तारीख मी बघितलीच नाही. वर शहाणपणा असा, की एकाच घमेल्यात बियाण्याला कार्बेन्डाझिम आणि ट्रायकोडर्मा दोन्ही चोळलं. कार्बेन्डाझिम बुरशीनाशक आहे, त्याला मित्र काय अन् शत्रू काय! चट्टा होता तिथंच राहिला आणि मी वर्षभर 'जैविक म्हणजे थोतांड' सांगत हिंडलो.

आता किलोभर बियाण्याला ५ ग्रॅम, सावलीत, पेरणीच्या तोंडावर. शिवाय मुरलेल्या शेणखतात मिसळून, गोणपाटाखाली १०-१५ दिवस ओल टिकवून, मग शेतात. नुसती पावडर रानात फेकून तिनं खायचं काय?

पण खरा मुद्दा वेगळाच. दह्याला विरजण आपण शेजारून आणतो, परराज्यातून नाही. आपल्या काळ्या रानाचा चुना, एप्रिलचं ऊन, पावसातली दोन-तीन आठवड्यांची उघडीप, हे सोसलेली ट्रायकोडर्मा आपल्याच मातीत असते. ती वेगळी काढून, रोगाच्या बुरशीसमोर एकाच काचेच्या ताटलीत वाढवून, कोण कोणाला दाबतं ते बघून, मग तालुक्यातच वाढवून द्यायला काय हरकत आहे? जी दाबेल तीच वाढवायची, कारण प्रत्येक ट्रायकोडर्मा तेवढी तिखट नसते. हे घरच्या बादलीत गूळ घालून जमणारं काम नाही, प्रयोगशाळाच पाहिजे. यूट्यूबवाल्यांनी रागावू नये.

यंदा त्या चट्ट्याच्या मधोमध एक झाड घाटे भरून उभं राहिलं. आजूबाजूचं सगळं वाळलेलं. ते मी उपटलं नाही. मुळाभोवतीची ओंजळभर माती पिशवीत भरून सावलीत ठेवली आहे, सोमवारी कृषी विज्ञान केंद्रात घेऊन जातोय.